डावी बाजू वर

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत, लिफ्टशेजारच्या घरात एक जपानी बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. माझी लेक त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. तरुणपणी त्या क्योटोत गेइशा, म्हणजे मेजवान्यांत नाच-गाणं सादर करणाऱ्या कलावंत होत्या, मग लग्न करून इकडे आल्या. हे ऐकलं की लोक भुवया उंचावतात आणि माझं डोकं फिरतं. मावशी मात्र हसतात. त्या बोलतात इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं. "अगं, आमचं आयुष्य म्हणजे निम्मे क्लास आणि निम्म्या कपड्यांच्या घड्या!"

कोवळ्या वयात त्या तिथल्या गेइशांच्या घरी शिकाऊ म्हणून राहायला गेल्या. सकाळी जिना पुसायचा, मग नाचाचे आणि वाद्याचे धडे, संध्याकाळी चेहऱ्याला पांढरा रंग लावून मेजवानीला जायचं. केसांची रचना मोडू नये म्हणून उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपायचं. मला तर ऐकूनच मान अवघडल्यासारखी झाली.

प्रत्येक शिकाऊ मुलीला एक थोरली गेइशा बहीण म्हणून मिळायची. तिला ताई म्हणायचं, तिच्या मागे मागे हिंडायचं आणि बघून बघून शिकायचं. मावशींची ताई भलतीच खाष्ट होती. पहिल्या हिवाळ्यात मावशी घरच्या आठवणीने मुसमुसायला लागल्या, की ताई त्यांना आपल्या पांघरुणात ओढून घ्यायची आणि वर 'नाक पूस आधी' म्हणून खेकसायची. मावशी हे सांगताना अजूनही नाकाला हात लावतात. मला फार गोड वाटतं ते.

गेल्या वर्षी कळलं, की क्योटोतली ती ताई अंथरुणाला खिळली आहे आणि कुणालाच ओळखत नाही. तिच्या भाचीने व्हिडिओ कॉल ठरवला. मावशींना एकच ध्यास लागला, ताईने जाण्याआधी एकदा आपल्याला ओळखावं.

"किमोनो नेसून बसले तर ओळखेल," त्या म्हणाल्या. "पण माझी बोटं आता वळत नाहीत गं. तू नेसवशील?"

गणपतीत आमच्या मंडळातल्या अर्ध्या बायकांना नऊवारी मीच नेसवते. म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ! किमोनो तो काय, पुढून गुंडाळायचा आणि पट्टा आवळायचा. मावशींचा जीव त्या फोनमध्ये अडकलेला, आरशात बघायचंही त्यांना सुचलं नाही. लेक म्हणाली, "मावशी, यू लुक सो प्रिटी!" मी स्वतःवर खूश.

इथे संध्याकाळ होती, तिथे सकाळ. पडद्यावर उशीत रुतलेला एक छोटासा चेहरा दिसला. मावशी जमिनीवर गुडघे टेकून वाकल्या, काहीतरी बोलल्या. ताई छताकडे बघत राहिली. भाचीने तिच्या कानाशी जाऊन मावशींचं नाव सांगितलं. काही नाही. मावशी पुन्हा बोलल्या, पुन्हा वाकल्या. त्यांचा आवाज कापायला लागला, तसं मला तिथे थांबवेना.

तेवढ्यात ताईचे डोळे मावशींच्या छातीपाशी येऊन थांबले. कपाळाला आठी पडली आणि ती खरखरीत आवाजात एकदम कडाडली. मावशींचा हात झटकन गळ्यापाशी गेला.

"काय म्हणतात त्या?" मी घाबरून विचारलं.

"म्हणते, मेलीस का तू? डावी बाजू वर! किती वेळा सांगायचं तुला?"

मावशींनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की किमोनोची डावी बाजू नेहमी वर असते. उजवी वर येते ती फक्त प्रेताला नेसवताना. आणि मी, साडीच्या सवयीने, उजवीकडचं कापड डावीकडे नेऊन झोकात खोचलं होतं! जित्याजागत्या बाईला मी प्रेताचा वेष चढवला होता. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. सोडून पुन्हा नेसवायला मी पुढे धावले, तर मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून थोडं ओरडू दे तिला."