बद वाजणारं पितळ

मामंजी वालूरचे पाटील. सरकारी परवान्याचं एक रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे होतं. पण निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी हैदराबादेहून काडतुसं येणं बंद झालं, आणि आसपासची गावं तर लुटली जात होती. घरात उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या डबाभर होत्या. त्याच पुन्हा भरायचं मामंजींनी ठरवलं.

भरायचं काम ते एकटे करीत, माडीवर दार लावून. पुंगळ्या घासायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

पहिल्याच खेपेची एक पुंगळी उडताना फाटली आणि मामंजींचा अंगठा भाजला. मी ती उचलून पाहिली. पितळ लालसर पडलं होतं. लवकर उजळावी म्हणून मीच ती सगळी खेप दिवसभर चिंचेच्या पाण्यात ठेवली होती. माहेरी जिंतूरला आमच्या शेजारी तांबटाचं घर होतं. आंबटात फार वेळ राहिलं की पितळ ठिसूळ होतं, हे मी तिथं लहानपणीच ऐकलं होतं, आणि तरी विसरले होते.

मी मामंजींपुढं जाऊन उभी राहिले. "चूक माझी हाय. आता राखेनं घासते. अन् एकेक वाजवून बघते. तडा गेलेली खणखणत न्हाई, बद वाजती."

"सुनेनं बंदुकीत डोकं घालू नये," सासूबाई आतून म्हणाल्या.

"घासायला बसवलं तवा न्हाई बोललीस," मामंजी म्हणाले. "वाजव."

मी दगडी उंबऱ्यावर एकेक पुंगळी टाकत गेले. नऊ बाजूला काढल्या. मामंजींनी त्यातली एक उजेडात फिरवून पाहिली. "हिला तर काहीच झालं न्हाई."

"पकडीनं दाबून बघा."

त्यांनी दाबली. केसाएवढी रेघ उमटली आणि पुंगळी उभी उकलली. त्यांनी उरलेल्या आठही न बघता भंगारात टाकल्या.

पंधरवड्यानं एका दुपारी हत्यारबंद टोळी शिवेवर आली. मामंजींनी गढीवरून हवेत सहा बार काढले, पुन्हा भरून आणखी सहा. मी खाली जिन्यात उभी राहून मोजत होते. एकही बार फुसका गेला नाही. पाटलाकडे काडतुसांचा साठा आहे असं वाटून टोळी ओढ्यावरूनच माघारी फिरली.

संध्याकाळी सगळं गाव चावडीवर जमलं. मामंजींनी मला तिथं बोलावून घेतलं. मी पदर सावरत गेले. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बार मी काढले. पण काडतुसं हिनं पारखली."

त्या दिवशी मी मान खाली घातली नाही.