पिवळ्या गावाचा गोल

गोल झाला होता, यावर मैदानात कोणाचंच दुमत नव्हतं. चेंडू दोन खांबांच्या मधून पलीकडे गेला होता आणि सगळ्यांना दिसत होता. तो मारला कोणी, एवढंच मला कळत नव्हतं. आणि मी अंपायर होतो.

नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मैदानात हॉकीची फायनल चालू होती. आमच्या गावाचा संघ एका गोलाने मागे होता. समोर धामणगाव बढेची मुलं होती. त्यांच्यात निम्म्यांच्या पायात बूट नव्हते, पण त्यांचा कॅप्टन सलीम चेंडू असा नेई की आमच्या मुलांना तो फक्त जाताना दिसे. खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात त्यांच्या सर्कलजवळ मोठी झोंबाझोंबी झाली. सर्कल म्हणजे गोलासमोर चुन्याने आखलेली अर्धगोल रेघ. तिच्या आतून चेंडू मारला तरच गोल धरतात. त्या रेघेच्या आत, बाहेर आणि वर मला नुसते पिवळे सदरे दिसत होते. त्यातून चेंडू निघाला आणि आत गेला.

आमच्या संघाची जर्सी पिवळी होती. त्या दिवशी गावही पिवळं होतं. ही कल्पना रावसाहेबांची.

रावसाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आणि स्पर्धेचेही अध्यक्ष. पदवी त्यांना सरकारने दिलेली. कशाबद्दल, ते कोणी विचारत नसे. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले, त्यामुळे त्यांना वरचेवर नागपूरला जावं लागे आणि येताना ते एखादी सुधारणा घेऊन येत. त्या खेपेला त्यांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांच्या शाळेत ड्रिल मास्तर.

"मास्तर, नागपूरले कॉलेजची मॅच पाह्यली मी. पाहनारे सारे एका रंगाच्या टोप्या घालून बसले होते. काय शोभा दिसे! आपून टोपीवर नाही थांबायचं. सदरेच घालू."

रंग ठरवायला कमिटी बसली. भगवा म्हटल्यावर बैठकीतले मुसलमान व्यापारी गप्प झाले. हिरवा म्हटल्यावर बाकीचे गप्प झाले. पांढऱ्यात खादीचा वास येतो म्हणून स्वतः रावसाहेब गप्प झाले. लाल म्हटल्यावर कोणीतरी उठून दार लोटून घेतलं. पिवळ्याला तेव्हा नांदुऱ्यात मालक नव्हता. शिवाय कमिटीतल्या एका कापडवाल्याकडे पिवळं कापड बरेच दिवस पडून होतं. गावाची एकजूट ठरली.

मी म्हणालो, "रावसाहेब, जर्सी पिवळी आणि लोकही पिवळे. रेघेवर उभे राहिले तर मला ओळखायचं कसं?"

"काऊन? तुमी रोज मैदानावर पोरायले पाहता न? तोंडं ओळखा."

"चेंडू खाली असतो, रावसाहेब. मी तोंडाकडे पाहू की चेंडूकडे?"

"दोन्हीकडे पाहा," ते म्हणाले. माणसाला डोळे दोन असतात, तेव्हा अडचण यायला नको, असं त्यांचं मत दिसलं.

मैदानाला दोर बांधू द्या, हेही मी सांगून पाहिलं. दोर बांधला तर आपल्याच मंडळींचा अपमान होईल, असं उत्तर मिळालं.

फायनलच्या दिवशी पेढीवाले, वकील, हमाल, हलवाई, सगळे पिवळे होऊन आले. रावसाहेबांनी पिवळा फेटा बांधला होता. सुरुवातीला लोक रेघेच्या बाहेर होते. धामणगावने गोल केल्यावर ते रेघेवर आले. मी दोनदा खेळ थांबवून त्यांना मागे ढकललं. ते मागे सरकत आणि माझी पाठ वळली की पुढे येत.

तर गोल झाला आणि मी शिट्टी वाजवून सर्कलकडे पळत गेलो. हॉकीला अंपायर दोन असतात, अर्धं मैदान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. दुसरे अंपायर रेल्वेतले पार्सल क्लार्क होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दूरवरून ओरडले, "ते माझ्या हद्दीत येत नाही!"

मी आमच्या कॅप्टनला विचारलं. विठ्ठल त्याचं नाव, जिनिंगमध्ये फिटर होता.

"विठ्ठल, तू मारलास?"

"नाही मास्तर. मी तं पडेल होतो. माह्या हातावर कोनीतरी चपलेचा पाय देऊन राह्यलं होतं."

"तुमच्यातल्या कोणी मारला?"

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हो म्हणेना. मात्र त्यांच्या मागून आवाज आला, "मी मारला न मास्तर!" हा हलवाई होता. त्याला बाजूला करून एक वकील पुढे आले आणि म्हणाले की तो प्रहार त्यांचा होता. तिसऱ्याच्या हातात छत्री होती. "छत्रीनं मारला, पन मारला तं खरा," तो म्हणाला. बघता बघता माझ्यासमोर गोल मारणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या एकाकडेही स्टिक नव्हती.

सलीम कमरेवर हात ठेवून हे बघत होता. म्हणाला, "मास्तरसाब, आमी अकराच आलो. सांगतलं असतं तं आमीबी बैलगाड्या भरून आनल्या असत्या."

मग रावसाहेब मैदानात आले. त्यांच्यासाठी रांग दुभंगली.

"काय वाद आहे, मास्तर?"

"गोल खेळाडूने मारलेला नाही, रावसाहेब. बाहेरच्या माणसाने मारला."

"बाहेरचा कोन हाय इथं? सारे आपलेच होत. गोल गावानं मारला. देऊन टाका."

"गाव आज खेळायला उतरलेलं नाही. अकरा जण उतरलेत."

ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "उद्या शाळेत यायचं हाय न तुमाले?"

घरी बायको होती, दोन मुलं होती, आणि ड्रिल मास्तरला दुसरीकडे कोण विचारतो? मी विठ्ठलकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "नका देऊ मास्तर. असा नाही पाह्यजे." हे बोलायला त्याला माझ्यापेक्षा जास्त धीर लागला असेल. ज्या जिनिंगमध्ये तो कामाला होता, ती रावसाहेबांच्या व्याह्यांची होती.

मी गोल नाकारला. बाहेरच्याचा हात लागला की खेळ पुन्हा बुलीने सुरू करायचा असतो. बुली म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूने समोरासमोर स्टिकवर स्टिक आपटून चेंडू सोडवून घ्यायचा. सलीम आणि विठ्ठल वाकले. स्टिक एकदा वाजली आणि पहिला दगड आला.

दुसरा माझ्या कानाजवळून गेला. तिसरा बंदोबस्तावरच्या जमादारांच्या पगडीला लागला आणि पगडी चुन्यात पडली. जमादार तोवर कडुनिंबाच्या सावलीत बसून सामना पाहत होते. पगडी पडल्यावर त्यांना कायद्याची आठवण झाली.

"पिवया सदऱ्यायले धरा बे सारे!"

पुढे जे झालं, तशी शिस्त मी ड्रिलच्या तासालाही कधी पाहिली नाही. अख्ख्या गावाने एकदम सदरे काढले. काही नाल्यात गेले, काही कापसाच्या गाड्यांखाली गेले, वकीलसाहेबांनी आपला पायाखाली दाबून धरला. थंडीचे दिवस होते. पेढीवाले आणि हमाल शेजारी शेजारी उघडे कुडकुडत उभे होते आणि सगळे दुसरीकडेच बघत होते. रावसाहेबांकडे पाहिलं तर डोक्याला फेटा नव्हता. धोतराला मात्र पोटाशी मोठा फुगवटा आला होता.

मैदानात पिवळे अकराच राहिले. त्यांनी काही केलं नव्हतं, म्हणून सदरे काढायचं त्यांना सुचलंच नाही. शिपायांनी त्यांना स्टिकांसकट चौकीवर नेलं.

मी रावसाहेबांकडे धावलो. "चला, तुमच्या शब्दावर सुटतील."

"मी कशाले? मले काय मालूम कोनं मारला? मी तं पिवया रंगाच्या पयल्यापासून विरोधात होतो."

चौकीवर मी गेलो, आणि माझ्याबरोबर सलीम आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

जमादार म्हणाले, "दगड पिवयानं मारला. आन पिवये हेच होत."

सलीम म्हणाला, "साहेब, हे माह्या समोर उभे होते. दगड यायनं मारला असता तं माह्यं डोस्कं फुटलं असतं. दगड मांगून आला. आन मांगं तं सारा गाव होता."

"मंग गावाले धरू काय?"

"धरा ना," सलीम म्हणाला, "पन गाव आता उघडा हाय."

जमादारांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. अंधार पडायच्या आत मुलांना सोडलं, पण सदरे जमा करून. आमचे अकरा खेळाडू उघडेच घरी गेले. रस्त्यात लोक दारात उभे होते. ओळख कोणी दिली नाही.

एक संघ चौकीत असल्यामुळे सामना धामणगावला गेला. कप द्यायला अध्यक्ष आले नाहीत, तेव्हा तो मीच सलीमच्या हातात दिला. विठ्ठलला जिनिंगमधून काढलं नाही, कारण इंजिन दुरुस्त करणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. माझ्या बाबतीत अशी अडचण नव्हती. वर्ष संपताच मला शाळेतून निरोप मिळाला. पुढे बुलढाण्याला नोकरी लागली आणि शिट्टीही चालू राहिली.

रावसाहेबांनी पुढच्या स्पर्धेच्या भाषणात गावाच्या एकजुटीचा उल्लेख केला, असं ऐकलं. मी मात्र त्यानंतर आधी दोर बांधून घेतल्याशिवाय एकही सामना सुरू केला नाही. प्रेक्षकांनी कोणता रंग घालायचा हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी दोराच्या पलीकडे राहायचं, एवढं अंपायरने पाहावं.