तांबड्या विंचवाची नोंद

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दगड उलटते. कर्जत-खालापूरकडे फार्महाऊसच्या कुंपणांमधून रानाचे जे तुकडे उरलेत, त्यांतल्या कुठल्या तुकड्यात किती जातींचे विंचू आहेत, ते मला पाहायचं होतं. घरच्यांच्या मते हे नसते उद्योग. असतील.

कोंडाणे लेण्यांजवळच्या तुकड्यात सोबत एक मावशी यायच्या. त्यांचं लाकूडफाट्याचं रान तेच. त्यांच्या लेखी जाती दोनच: मोठी काळी ती इंगळी, बाकी सगळे विंचू. इंगळी दिसली की ठेचायची, विंचवाचं एवढं मनावर घ्यायचं नाही. मी त्यांना उलटं शिकवलं. काळी दिसते भयंकर, पण तिचं विष बेताचं; जिवावर बेततो तो बारीक चिमट्यांचा, जाड शेपटीचा तांबडा. आणि दुसरं म्हणजे, उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, ते कुणाचं तरी घर असतं. पहिलं त्यांनी हसण्यावारी नेलं. दुसरं मात्र कटाक्षाने पाळलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी, ऐनाच्या झाडाखाली दगड जागेवर बसवताना, त्यांच्या बोटाला विंचू चावला. "इंगळी नाय, विंचूच हाय," म्हणत त्यांनी हात झटकला. मी वाकून पाहिलं. तांबडा. या तुकड्यात तो तोवर एकदाही सापडला नव्हता. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. मी त्याची लांबी मोजली, वहीत नोंद केली आणि मग मावशींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, हात गार पडले होते.

मग पळापळ. रस्त्यावर टेंपो मिळाला, वाटेत त्या दोनदा ओकल्या. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला. मी सांगितलेल्या वेळेत मोजमापाची मिनिटं धरली नव्हती. ते लक्षात आल्यावर आत जाऊन खरी वेळ सांगितली. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मावशींच्या जिवाची भीती वाटत होती आणि स्वतःची लाज. त्यांचे यजमान आले, त्यांनी मलाच चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मावशी उठून बसल्या. मला बघताच म्हणाल्या, "बाई, तो नवा व्हता ना? लिवलात ना त्याला?"

मला हो म्हणवेना. धावपळीत राहून गेलं, असं सांगितलं.

"मंग मला उगाच चावला व्हय? लिवा आता."

मी वही उघडली, पान त्यांना दिसणार नाही अशी धरली आणि आदल्या सकाळच्या नोंदीखाली तीच नोंद पुन्हा लिहिली. त्या तुकड्यात माझ्या वहीप्रमाणे दोन तांबडे विंचू आहेत. एक खोडायला हवा. अजून हात धजलेला नाही.