अकोट्याच्या पुलाखालचे ठिपके

गाड्यांच्या जीपीएसमधून येणारे ठिपके अट्टल खोटारडे असतात. वाघोडियाला निघालेली कारखान्याची बस कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते, सावली गावचा ट्रक एरंडाच्या शेतात उड्या मारतो. या ठिपक्यांना कान धरून आपापल्या रस्त्यावर बसवणारा प्रोग्रॅम आम्ही बडोद्यात लिहितो. तो बरोबर बसवतो की नाही, हे तपासायला मात्र माणसाने डोळ्यांनी पाहिलेला रस्ता लागतो. म्हणून एका हिवाळ्यात मी स्कूटर चालवली, खिशात जीपीएस ठेवला, आणि बायको मागे बसून प्रत्येक वळण वहीत लिहीत गेली. ऑफिसात त्या वहीचं नावच पडलं 'सत्य'. प्रोग्रॅमचं आणि वहीचं पटलं नाही, तर चूक प्रोग्रॅमची.

बायको जाऊन आता दोन वर्षं झाली. वही ऑफिसातल्या माझ्या खणात असायची.

परवा आमची नवी इंजिनिअर, सुरतेची मुलगी, खुर्ची ओढून बसली. "काका, आठ दिवस डोकं फोडतेय. सगळं जुळतं, फक्त अकोट्याचा पूल जुळत नाही. वही म्हणते 'पुलावरून सरळ'. प्रोग्रॅम खाली नदीकाठच्या कच्च्या रस्त्याला जाऊन बसतो. आज त्याला पिरगाळते आणि पुलावर चढवते."

खरं काय ते मलाच ठाऊक होतं.

पूल येण्याआधी बायकोने माझ्या खांद्यावर बोट टोचलं होतं. "अहो, खाली घ्या. मगर उन्हाला आलीय म्हणतात."

"ऑफिसचं काम चाललंय."

"मग लिहिते की 'पुलावरून सरळ'. मगर काय तुमच्या साहेबांकडे चुगली करणार आहे?"

खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी संपेपर्यंत आम्ही काठावर बसलो. पलीकडे मगर ओंडक्यासारखी पडलेली. "अगदी तुमच्यासारखी," ती म्हणाली. "ऊन खायचं आणि विचारात असल्याचा आव आणायचा."

तेव्हापासून दर चाचणीत त्या जागी चुकीची लाल खूण यायची, आणि माझ्या खांद्याला तिचं बोट लागायचं. बिचाऱ्या प्रोग्रॅमने वर्षानुवर्षं आमच्यासाठी मार खाल्ला. पण आता ही मुलगी त्याला खोटं शिकवायला बसली होती.

"प्रोग्रॅमला हात लावू नकोस," मी म्हणालो. "वही खोटी आहे."

"काकींनी लिहिलेली?"

"म्हणून तर."

तिने सगळं ऐकून घेतलं, हसली, मग माझ्याकडे न बघता संगणकातली ती नोंद बदलली. लाल खूण गेली. मी बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिलो.

एक नोंद खोटी निघाल्यावर साहेबांचा अख्ख्या वहीवरचा विश्वास उडाला. सगळे रस्ते पुन्हा फिरून लिहायचे ठरले, आणि वही मला घरी नेता आली. स्कूटर मीच चालवेन, असं सांगून टाकलंय. मागे कोण बसणार, ते अजून ठरलेलं नाही.