उन्हातली ओळ

पुंजाजी मुकादमाचं तोंड फाटकं होतं, हे त्याचे जिवलगसुद्धा कबूल करत. अकोल्याला रेल्वेच्या रुळांपलीकडे ओमप्रकाश शेठचा कापसातली सरकी काढायचा जिन होता. तिथं कापूस वेचून साफ करणाऱ्या चोपन्न बाया पुंजाजीच्या हाताखाली. काम बिघडलं की तो असा काही बोलायचा की जठारपेठेतून आलेला गाडीवान बैल सोडायचं विसरून ऐकत उभा राहायचा. पण त्याच पुंजाजीची आणखी एक सवय होती, आणि ती साऱ्या अकोल्यात दुसऱ्या कुठल्या मुकादमाला नव्हती. संध्याकाळचा भोंगा झाला की तो फाटकाशी उभा राही, आणि बाहेर पडणाऱ्या बाईला दिवसाकाठचं एखादं खरं वाक्य ऐकवी. "जाईबाई, आज तुह्या टोपल्यात एक काडी सापडली नाई." "रुख्मिणी, दुपारून हात चांगला चालला, सकाळी मात्र झोपली होती." एवढंच. रोज सगळ्यांना नाही, ज्यांचं काही पाहिलं असेल त्यांनाच.

खोटं कौतुक करायचं नाही आणि खरं गिळायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्याला कारणही होतं. तरुणपणी अकरा वर्षं त्याने अमरावतीला कापसाच्या गठाणी बांधायचं काम केलं. अकरा वर्षांत तिथल्या फोरमनच्या तोंडून एक बरा शब्द निघाला नाही. पुंजाजी काम सोडून अकोल्याला आला, आणि वर्षभराने एका सोयऱ्याकडून कळलं की फोरमन हळहळत होता, 'असा माणूस पुन्हा भेटायचा नाही' म्हणत होता. ऐकून पुंजाजीला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. "मेल्यावर हार घालून काय उपेग? जितेपणी बोलाले याचं तोंड शिवलं होतं काय?" असं तो त्या सोयऱ्यालाच म्हणाला. सोयरा चहा न घेता गेला.

दरवर्षी दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की शेजारच्या जिनांतल्या बाया या फाटकातून त्या फाटकात जात. पुंजाजीच्या जिनातून मात्र बारा वर्षांत एक बाई दुसरीकडे गेली नव्हती. शेजारचे मुकादम विचारत, बाबा, काय खाऊ घालतो यांना? पुंजाजी मिशीतल्या मिशीत हसायचा. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

बासष्ट साली ओमप्रकाश शेठ मुंबईच्या एका कापडगिरणीत दोन महिने राहून आले. माणूस सरळ आणि हौशी. आल्याबरोबर त्यांनी पुंजाजीला कचेरीत बोलावलं. तिकडच्या गिरणीत चांगल्या कामगाराला सगळ्यांसमोर बक्षीस देतात. आपणही दर शनिवारी सगळ्यांत साफ काम करणाऱ्या बाईला लुगडं द्यायचं. नाव पुंजाजीने सांगायचं.

पुंजाजीला कल्पना पसंत पडली. आपण वर्षानुवर्षं तोंडाने करत आलो तेच शेठ आता लुगड्याने करणार, यात वाईट काय? पहिल्या शनिवारी त्याने सुंदराबाईचं नाव सांगितलं. तिच्यापुढचा ढीग दुधासारखा होता, एखाद्या आंधळ्यानेसुद्धा तिचंच नाव घेतलं असतं. दुसऱ्या शनिवारी पार्बताबाई, तिसऱ्या शनिवारी आशाबाई. टाळ्या वाजल्या, गूळ-फुटाणे वाटले. आणि चौथ्या आठवड्यात कापसात पाला दिसायला लागला.

आधी थोडा, मग टोपलीभर. पुंजाजी ओरडला, तरी उपयोग नाही. बाया मुकाट्याने ऐकत, मुकाट्याने वेचत, आणि पाला तसाच पुढे जाई. शेडमध्ये एरवी इतकी बडबड चाले की सरक्या वेगळ्या करणाऱ्या यंत्रांचा आवाज ऐकू येऊ नये; ती बडबडही थांबली. घोडं कुठं पेंड खातंय ते पुंजाजीला कळेना. बुधवारी दुपारी पंचफुला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्या ओळीतली ही बाई नऊ वर्षांची जुनी. तिच्या शब्दाबाहेर ती अख्खी ओळ नव्हती.

"मुकादम, सोमवारपासून आमी अठराही जणी पलीकडच्या जिनात जाऊन राहिलो. मागून बोल नको, म्हून सांगाले आली."

अठरा जणी गेल्या तर यंत्रं अडून राहणार, हा एक भाग झाला. पण बारा वर्षांत जे झालं नव्हतं ते आता होणार होतं, आणि तेही पंचफुलाकडून, हे पुंजाजीला जास्त लागलं.

"काहून? तिकडं रोजी जास्त आहे काय?"

"नाई. तितकीच आहे."

"मंग मी काही बोललो काय तुले?"

"तुमी इथं उभे राहा जरासे," पंचफुला म्हणाली आणि आपल्या बसायच्या जागेकडे बोट दाखवलं. "मंग सांगीन."

पुंजाजी तिथं जाऊन उभा राहिला. टिनाचं ते शेड पश्चिमेला उघडं होतं. दुपार कलली की ऊन सरळ पहिल्या ओळीच्या तोंडावर येई. कापसाच्या गाड्याही त्याच बाजूला रित्या होत, म्हणून धूळही तिथंच. पहिली ओळ पाला-काडी काढी, दुसरी ओळ पिवळा आणि किडका कापूस बाजूला करी, आणि तिसऱ्या ओळीसमोर कापूस पोचे तोवर त्यात फारसं काही उरलेलं नसे. तिसरी ओळ भिंतीला टेकून, सावलीत. पुंजाजी या शेडमध्ये रोज दहा तास वावरायचा, पण एका जागी थांबायचा नाही. पाव तासात त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"समजलं," तो म्हणाला. "पाला तुमी काढता अन् लुगडं दरखेपी भिंतीकडं जाते."

"तेवढंच नाई. इथं कोण बसते ते पाहा, अन् तिथं कोण बसते ते पाहा."

पुंजाजीने पाहिलं. पहिल्या ओळीतल्या अठराही जणी बौद्धवाड्यातल्या होत्या. भिंतीकडच्या साऱ्या त्याच्यासारख्या कास्तकारांच्या घरच्या. कोणी ठरवलं नव्हतं, तरी ठरलेलं होतं.

"छप्पन सालाच्या आधी आमी इथंच बसत होतो," पंचफुला शांतपणे म्हणाली. "मंग धम्म घेतला. घर बदललं, बोलणं बदललं, पोरी शाळेत गेल्या. बसाची जागा तेवढी तीच राहिली. तुमी बसवलं असं मी नाई म्हणत. पण तुमी उठवलं बी नाई."

"मले दिसलं नाई, पंचफुला."

"तुमाले टोपल्यातली काडी दिसते, मुकादम."

पुंजाजीला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर माणूस जसा उगाच रागावतो तसा तो रागावलाही नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीकडच्या ओळीसमोर उभं राहून सांगितलं की सोमवारपासून बसायची पाळी लागेल, आठ-आठ दिवसांनी ओळी बदलतील. कुजबुज झाली. ऊन सोसवत नाही, असं एक-दोघी म्हणाल्या. उन्हाचं एवढं नव्हतंच. 'त्यायच्या जागेवर आमी बसाचं?' असं एकीच्या तोंडून निघूनच गेलं.

"मंग फाटक उघडं आहे," पुंजाजी म्हणाला.

सुंदराबाईने तिथल्या तिथं विषय संपवला. "मी बसतो त्या ओळीत, बाप्पा. त्या एका लुगड्यापायी अर्ध्या शेडनं माह्याशी बोलणं टाकलं. दिवसभर तोंड दाबून बसण्यापरीस ऊन परवडलं." दोघी मात्र खरोखरच निघून गेल्या. त्यांना बोलवायला पुंजाजीने कुणाला धाडलं नाही.

त्याला वाटलं, झालं काम. पण पंचफुलाने मान हलवली. "मुकादमानं लावलेली पाळी मुकादमासंग जाईन. जिन शेठचा आहे. त्यायच्या तोंडून पायजे."

पुंजाजीने कचेरीत जाऊन सारं सांगितलं. शेठजींना हे ऐकून वाईट वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. "लुगडी मी दिली, आणि वाईटही मीच?"

"तुमी नाई, शेठजी. नावं मी सांगितली. चूक माही आहे."

"मग आता काय करू? सगळ्यांना लुगडी देऊ?"

"लुगडं राहू द्या. तुमी शेडमंधी या अन् त्यायले विचारा. बारा वर्षांत तुमी दारातून पाहून परत गेले, आत कधी आले नाई."

शनिवारी दुपारी तीन वाजता शेठजी आले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, मागे कचेरीतला कारकून खुर्ची घेऊन. पुंजाजीने कारकुनाला खुर्चीसकट दारातच थांबवलं. शेठजी पहिल्या ओळीपर्यंत गेले आणि पंचफुलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे ते मला सांगा. पाळी मला मंजूर आहे. आणखी काय पाहिजे?"

पंचफुलाने आपल्या बाजूचं रिकामं पोतं झटकून अंथरलं. "उभ्यानं नाई समजाचं, शेठजी. बसा."

साऱ्या शेडचे हात थांबले. शेठजींनी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी छताच्या टिनाकडे पाहत होता. मग शेठजी धोतर सावरून त्या पोत्यावर बसले, अगदी उन्हाच्या तोंडावर. पंचफुलाने त्यांच्यासमोर ओंजळभर कापूस टाकला. ते वेचायला लागले. धुळीने दोनदा शिंकले, डोळे पुसले, पुन्हा वेचायला लागले. तेवढ्या वेळात पंचफुलाने आपली टोपली भरली. शेठजींनी अखेर आपली ओंजळ पुढे केली. तिने ती उलटसुलट करून, एकेक पुंजका वेगळा करून, नीट पाहिली.

"पाला राहिला," ती म्हणाली. "पण काढला बी बराच."

शेठजी हसले, आणि उठायला लागले. तसं तिने हाताने त्यांना थांबवलं आणि ती ओंजळ परत त्यांच्यासमोर ठेवली.

"हात बसाले आठ दिस लागतात, शेठजी. सोमवारी आमी भिंतीकडं बसून राहू. तुमी या इथं."