माफी मागत फिरलेले काका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ओहायोतल्या आमच्या ऑफिसातून एका बाईला काढायचं होतं. ती कामात फसवते, अशा निवेदनावर मॅनेजरने आमच्या सह्या घेतल्या. ते खोटं आहे हे ठाऊक असून, व्हिसाच्या भीतीने मीही सही केली.

आमच्यातल्या नागपूरच्या काकांनी केली नाही. काहीही विचारा, काका आधी डब्याचं झाकण लावणार, मग बोलणार. लंचमध्ये ते कार्थुसियन या ख्रिस्ती पंथातल्या एका मठाधिपतीचं चरित्र लिहीत. युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात त्याने राजाला चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ नाकारली आणि जीव गमावला.

सही न केल्यामुळे नोकरी गेली त्या दिवशी काका प्रत्येकाच्या टेबलाशी गेले. मला म्हणाले, "माझं काम आता तुझ्यावर पडणार. माफ कर, बाबू."

"काका, माफी तुम्ही कशाला मागता?"

"अरे, आमच्या मठाधिपतीने तर पकडून नेण्याआधी एकेका साधूपुढे गुडघे टेकले. माझे टेकले तर उठवायला तुम्हीच लागाल!"

नोकरी गेलेल्या माणसाचं इतकं हलकं मन मी पाहिलं नव्हतं.

ती बाई याच गावात राहते. तिची माफी मी अजून मागितलेली नाही.