समुद्रातली ऋषिपंचमी

इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शालूताईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. नाशिकहून त्या मुलगा सागर आणि सून अनुजाकडे राहायला आल्या, तेव्हा ऋषिपंचमीचं व्रतही सोबत आलं. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. मी एकदा म्हटलं, "आता शेतात ट्रॅक्टर असतो. मग सगळंच चालेल की!"

"ट्रॅक्टर बैलाच्या जागी आला ना? मग तो बैलच," त्या म्हणाल्या. विषय संपला.

नाशिकला परसातल्या अळू-माठावर भागायचं. इथे परस कुठलं? मागच्या वर्षी त्यांनी अख्खा दिवस खजुरावर काढला, कारण खजुराच्या झाडाला नांगर लागत नाही. मधुमेहाच्या बाईने पोटभर खजूर खाल्ल्यावर जे व्हायचं तेच झालं. सागर हमद पोर्टवरून ड्यूटी टाकून थेट दवाखान्यात धावला. यंदा त्याने निक्षून सांगितलं, "आई, नीट जेवणार असशील तर व्रत. नाहीतर खलास." लग्नापासून कधी न चुकलेलं व्रत आता मोडणार, या धास्तीने शालूताई गप्प झाल्या. त्यांचं गप्प बसणं भांडणापेक्षा वाईट.

वाट काढली अनुजाने. तिच्या ऑफिसातली फिलिपिनो अलीजा डब्यात समुद्री शेवाळाची कोशिंबीर आणायची. अनुजाने तसल्याच वाळलेल्या शेवाळाचं, वाकामेचं, पाकीट आणलं. त्यात कॅल्शियम, आयोडीन, तंतू भरपूर आणि साखर जवळजवळ नाहीच. थायरॉइडवाल्यांनी मात्र जपून खावं. शालूताईंना थायरॉइडचा त्रास नव्हता आणि समुद्रात बैल नव्हता. तरी त्यांनी पाकीट हुंगलं.

"माशाचा वास येतोय."

"मासा तिथे राहतो, आई," अनुजा म्हणाली. "ही वनस्पती आहे."

रंगीत तालमीला अनुजाने अख्खं पाकीट भिजत घातलं आणि ते फुगून पातेल्याबाहेर आलं. पंचमीला मूठभरच घेतलं. तीन पाण्यांनी धुतलं, चिंचेचा कोळ घातला, ओलं खोबरं आणि गॅलरीतल्या कुंडीतली मिरची. वास गेला. आदल्या दिवशी गणपतीचे मोदक वळून तिची कंबर धरली होती, तरी अर्धी रजा टाकून ती ओट्याशी उभी होती.

मलाही जेवायला बोलावलं होतं. शालूताईंनी पहिला घास उचलला आणि फोनमध्ये डोकं घातलेला सागर म्हणाला, "आई, थांब. हीसुद्धा शेतीच आहे. समुद्रात दोरांवर लावतात. बघ, गार पाण्यात बायका दिवसभर कापणी करतायत."

घास हातातच राहिला. मला सागरचा असा राग आला, की मी पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला. शालूताईंनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"बैल कुठे आहे यात?"

"बैल नाही गं, पण श्रम तर आहेत ना?"

"बाईचे आहेत. बाईचे श्रम चालतात," शालूताई म्हणाल्या. "ते चालत नसते, तर या घरात कुणी वर्षभर जेवलं नसतं."

त्यांनी घास खाल्ला. सावकाश चावला. भाजी बरी झालीय, म्हणाल्या. अनुजा आणखी वाढायला पातेलं घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"तू बस आधी. सागर वाढेल."